गरोदरपणात खाऊ घालूनही बाळं सव्वादोन किलोचीच का?

तापीकाठ

अंगणवाडीच्या बीटवर (काही अंगणवाड्यांच्या गटावर) काम करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही, पण त्याचं उत्तर एका जागी मिळत नाही, म्हणून इथे विचारते.

नोंदवहीत पुन्हा पुन्हा भेटणारी बाई साधारण अशी धरा: वय १९, उंची १४३ सेंमी, पहिल्या तिमाहीतलं वजन ३७ किलो, हिमोग्लोबिन ८.६. लहानपणी पावसाळ्याचे दोन-तीन महिने घरात एक वेळचं जेवण. सातवी-आठवीत शाळा सुटली, मग दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला. अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न. आता नाव नोंदवलंय, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा शिधा मिळतो, अमृत आहार योजनेतलं शिजवलेलं ताट मिळतं, गोळ्या मिळतात. तरी बाळ होतं २.१ नाहीतर २.२ किलोचं. पुढे दोन वर्षांचं होईतो ते मूल खुजं राहतं, उशिरा बोलतं, सारखं आजारी पडतं.

बैठकीत यावर दोनच उत्तरं येतात. "ती खातच नाही, ताट घरी नेऊन वाटते," हे एक. "आईच एवढीशी, बाळ मोठं कुठून येणार, आनुवंशिक आहे," हे दुसरं.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. आईच्या स्वतःच्या बालपणीच्या हालअपेष्टा बाळापर्यंत नेमक्या कशा पोचतात? अशी बाई आज तीन महिन्यांची गरोदर असेल तर उरलेल्या सहा महिन्यांत काय केल्याने फरक पडतो? आणि बाळ कमी वजनाचं जन्मलंच तर पुढे काय? कृपया आकड्यांसकट सांगा, "सकस आहार घ्यावा" एवढंच नको.

ओवी

ताई, आधी तुमच्या दुसऱ्या उत्तराचं बघू, कारण "आनुवंशिक" म्हटलं की विषयच संपतो.

ग्वाटेमालातल्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात लहान मुलांना पूरक आहार दिला गेला. दोन गावांत 'अटोले', म्हणजे प्रथिनं घातलेली घट्ट पेज. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को', म्हणजे प्रथिनं नसलेलं गोड पेय. त्या मुली पुढे स्वतः आया झाल्या. अटोले मिळालेल्यांची बाळं सरासरी ११६ ग्रॅमनी जड होती आणि वाढत्या वयात १.३ सेंमीनी उंच. लोक त्याच भागातले, वंश तोच. फरक होता तो आई दोन-तीन वर्षांची असताना तिच्या पेल्यात काय पडलं याचा. आनुवंशिक म्हणून सोडून दिलेल्यातला मोठा वाटा असा आजीच्या घरातल्या चुलीपाशी सापडतो.

हे पोचतं कसं, तर एका वाटेने नाही.

मुलीच्या उंचीचा पाया पहिल्या दोन वर्षांत घातला जातो, आणि वयात येताना थोडी भरपाई होऊ शकते. दोन्ही वेळा अन्न कमी पडलं तर उंची राहते, तशीच कंबरेच्या हाडांची आणि गर्भाशयाची वाढही राहते. गरोदरपणात शरीरातलं रक्ताचं पाणी वाढावं लागतं. खुरटलेल्या, हडकुळ्या बाईत ते कमी वाढतं, त्यामुळे वारेला रक्त कमी मिळतं आणि वार लहान राहते. बाळाचं ताट म्हणजे वार. आईने चार घास जास्त खाल्ले तरी ते त्या लहान ताटातूनच पलीकडे जायचे.

मग साठा. लोह, बी-१२, कॅल्शियम, चरबी हे सगळं वर्षानुवर्षं साठवलेलं असतं. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला लोह जातंय आणि भरलं कधीच गेलं नाही, तर गरोदरपणाची सुरुवातच रिकाम्या कणगीने होते. त्यात वय कमी असेल तर तिची स्वतःची वाढही पुरी झालेली नसते, आणि आई व बाळ एकाच घासासाठी झगडतात. एनएफएचएस-४ च्या, म्हणजे चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, आकडेवारीत भारतातल्या किशोरवयीन आयांच्या मुलांत खुजेपणा प्रौढ आयांच्या मुलांपेक्षा सुमारे १० टक्के-बिंदूंनी जास्त दिसला होता. यात गरिबी आणि कमी शिक्षण यांचाही भाग आहे, नुसत्या वयाचा नाही.

आणि एक गोष्ट बैठकीत जरूर सांगा: बाईच्या अंडाशयातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आजीच्या गरोदरपणात नातवंडाचं बीजही त्याच पोटात असतं.

आपल्या मातीतला पुरावा हवा तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांचा घ्या. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये तिथे काम सुरू केलं. आयांची सरासरी उंची १५२ सेंमी, गरोदरपणाआधीचं वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं सरासरी २.७ किलोची, त्याच वेळी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं, असं हे बाळ. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे बाळाला काय भरवायचं याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

याच खेड्यांत आणखी एक दिसलं. नुसत्या उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. त्यावरून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग झाला, 'सारस' नावाचा: पालेभाज्या, सुका मेवा-फळं आणि दुधाची पावडर घातलेला भज्या-सामोशासारखा खाऊ, रोज, गरोदर राहण्याच्याही आधीपासून. निदान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सुमारे ४८ ग्रॅमनी वाढलं, आणि गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला (१२.४ टक्क्यांवरून ७.३). पण वजनातला फायदा अंगाने भरलेल्या आयांना झाला. सगळ्यांत हडकुळ्या आयांच्या बाळांत तो दिसला नाही.

सातबारा

हे शेवटचं वाक्य फार अस्वस्थ करणारं आहे. हडकुळ्या आईलाच फायदा होत नसेल, तर आदिवासी भागात चौरस आहाराचं ताट देऊन उपयोग काय? खर्च किशोरी मुलींकडेच वळवावा का?

ओवी

नाही, तसा अर्थ काढू नका. सारसचा खाऊ लहान होता, दीडशेच्या वर थोडेसे उष्मांक आणि ६ ग्रॅम प्रथिनं. ज्या बाईला दिवसाला पाचशे-सातशे उष्मांकांची तूट आहे तिचं शरीर असा खाऊ आधी स्वतःच्या गरजेला लावणार, हे उघड आहे. पालेभाजी आणि दूध चांगलंच, पण चूल पेटायला आधी लाकूड लागतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात शेंगदाण्याची जाडजूड बिस्किटं दिली होती, रोज हजाराच्या आसपास उष्मांक आणि २२ ग्रॅम प्रथिनं. ती पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू झाली, तरी उपाशी हंगामातल्या बाळांचं वजन २०१ ग्रॅमनी वाढलं. सुगीच्या काळात वाढ ९४ ग्रॅमच होती. मेलेली जन्मणारी आणि पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळंही कमी झाली. म्हणजे खरी तूट असेल तेव्हा पुरेसं अन्न गरोदरपणातही काम करतं. फक्त ते मूठभर असून चालत नाही.

तेव्हा किशोरी की गरोदर, असं निवडायचंच नाही. आज जी पोटुशी आहे तिचं बाळ सहा महिन्यांनी जन्मणार आहे.

दगडफूल

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो. तापीकाठ यांनी दिलेलीच बाई घेऊ.

उंची १४३, वजन ३७ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.१. रकान्यात हा आकडा "थोडी कमी" असा दिसतो आणि नजरेतून निसटतो. बीएमआय उंचीला जुळवून घेतो, त्यामुळे बालपणी खुरटलेली बाई त्यात झाकली जाते. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या लिहा: उंची १४५ च्या खाली, वजन ४० च्या खाली, दंडाचा घेर २३ सेंमीच्या खाली. यातली एक जरी असली तरी कार्डावर लाल खूण करा. उंची मोजताना चप्पल आणि अंबाडा दोन्ही काढायला लावा. टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला टेकलेले हवेत, नजर समोर. अंबाड्यावर पट्टी टेकवून बाई दोन-तीन सेंमी "उंच" झालेली आणि जोखमीतून सुटलेली असं सर्रास होतं.

पहिली सोनोग्राफी १३ आठवड्यांच्या आत करून घ्या. तारीख पक्की नसेल तर २.१ किलोचं बाळ महिनाभर आधी आलं की पूर्ण दिवसांचं असून पोटात खुरटलं, हे नंतर कळत नाही. दोघांची काळजी वेगळी असते.

खाणं. गरोदरपणात रोज ३५० उष्मांक जास्त लागतात, आणि प्रथिनं चौथ्या ते सहाव्या महिन्यात साडेनऊ ग्रॅम, सातव्यापासून २२ ग्रॅम जास्त. हे नेहमीच्या पोटभर जेवणाच्या वर. ही बाई आधीच तुटीत आहे, म्हणजे तिच्यासाठी हे किमान समजा. ताटात मांडायचं तर साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे २०० उष्मांक, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे म्हणजे १७०. यात ३५० भागले. प्रथिनांसाठी शेंगदाण्यांचे साडेसात, एक अंडं ६, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ ७, अर्धा कप दूध ३. बी-१२ फक्त दूध-दही-ताक, अंडी, मासे, मटण यांतच मिळतं. कोणत्याही पाल्यात किंवा कडधान्यात ते नाही. याज्ञिकांच्या खेड्यांत जवळपास दोन-तृतीयांश आयांत बी-१२ कमी होतं, आणि बी-१२ कमी पण फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध (मधुमेहाकडे नेणारी पायरी) सर्वांत जास्त आढळला. म्हणून दूध-अंडं अजिबात न खाणाऱ्या बाईला फक्त लोह-फॉलिकची गोळी देऊन थांबू नका. बी-१२ साठी डॉक्टरांना विचारा. डब्यातली महागडी प्रोटीन पावडर मात्र आणायला लावू नका. प्रथिनांचा भडिमार बाळाची वाढ सुधारत नाही, उलट घटवू शकतो, आणि त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

वजन चौथ्या महिन्यापासून दरमहा दीड ते दोन किलो वाढायला हवं, एकूण निदान १०, जमलं तर १२ किलो. काटा तोच ठेवा. महिन्यात किलोपेक्षा कमी वाढ म्हणजे त्याच आठवड्यात घरी जायचं. आठवड्यात अचानक किलोभर वाढलं तर आनंद नको, आधी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासा.

हिमोग्लोबिन ८.६ म्हणजे दिवसाला एक नाही, दोन गोळ्या, प्रत्येकी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक. एक सकाळी, एक रात्री झोपताना. कॅल्शियम १४ व्या आठवड्यापासून, ५०० मिलिग्रॅम दोनदा, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, चहा आणि लोह यांत निदान एक तास. "गोळ्या लागू पडत नाहीत" यामागे बहुतेक वेळा सकाळचा चहा असतो. काळी शौच होते, मळमळतं, हे आधीच सांगून ठेवलं नाही तर चौथ्या दिवशी पुडी फळीवर जाते. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर, एकदा. महिन्याने पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅम वाढ नसेल तर वरच्या दवाखान्यात पाठवा. सातच्या खाली असेल तर गोळ्यांवर वेळ घालवू नका, शिरेतून लोह द्यावं लागतं. पाचच्या खाली असेल तर दाखलच करावं लागतं.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथे आणखी एक अडचण असते: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गोळ्या नियमाने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे आधी बघा. बाईने गोळ्या खाल्ल्याच नाहीत असं धरून तिला बोलणं ही इथली नेहमीची चूक आहे.

आता काम. पुण्याच्याच अभ्यासात पाणी भरणं, धुणं, शेतातलं कष्टाचं काम जितकं जास्त तितकं बाळ लहान, असं दिसलं. तासभर हंडे वाहणं म्हणजे तिच्या वजनाच्या बाईचे दीडशे-दोनशे उष्मांक, म्हणजे आपण दिलेली जवळजवळ एक भाकरी त्या वाटेवरच संपते. म्हणून घरच्यांकडे "आराम द्या" असं मोघम मागू नका. दोन ठोस गोष्टी मागा: पाचव्या महिन्यापासून हंडा आणि मोळी बंद, आणि दुपारी दोन तास डाव्या कुशीवर आडवं. नवऱ्याने सकाळच्या दोन खेपा केल्या तरी पुष्कळ झालं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, बाई थांबली की उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटत नाही, हे खरं आहे. तरी तिला फडावर मोळ्या बांधून गाडीत चढवण्याऐवजी कोपीवर (राहत्या झोपडीत) ठेवता येतं का, हे मुकादमाशी जायच्या आधी बोलता येतं, पोचल्यावर नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर द्या आणि त्याच्या सगळ्या पानांचा फोटो तिच्या किंवा नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा. तिथल्या आशाताईंना तेच लागतं.

मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, नक्की विचारा. भूक मारायला लहानपणापासून लागलेली सवय असते आणि "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला "नाही" असंच उत्तर येतं, कारण मिश्रीला कुणी तंबाखू धरत नाही. "दात कशाने घासता, दिवसातून कितीदा?" असं विचारा. मुंबईतल्या एका मोठ्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं १०५ ग्रॅमनी हलकी होती. एक पैसाही न लागता एवढं वजन मिळवून देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

चोविसाव्या आठवड्यानंतर पोटाची उंची टेपने मोजा. सेंमीचा आकडा आठवड्यांच्या आसपास असायला हवा. तीन सेंमी मागे असेल तर सोनोग्राफी. आणि प्रसूती कुठे होणार ते सातव्या महिन्यातच ठरवा, जिथे सिझेरियनची सोय आहे तिथे. १४३ उंचीच्या बाईत बाळ अडण्याची भीती खरी असते. त्याच भीतीने सासू "पोटात बाळ मोठं होऊ देऊ नको" म्हणत घास कमी करते. तिला सांगा, कमी खाल्ल्याने बाळाचं डोकं फारसं लहान होत नाही. अंगावरचं मांस कमी होतं, आणि बाळंतीण थकते.

आजोळ

बाळ २.१ किलोचं आलं, तिथून पुढे.

पहिला तास: उघड्या छातीवर, लगेच पाजणं. त्यानंतरही कांगारू पद्धत, म्हणजे बाळ असंच उघड्या छातीला लावून ठेवणं, दिवसातून जितके तास जमेल तितके, निदान आठ. आई थकली की आजी किंवा बाप, कुणाचीही छाती चालते. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजायचं. हे बाळ भुकेलं तरी रडत नाही, झोपून राहतं. "शांत आहे" म्हणून चार-चार तास झोपू दिलं की पाचव्या दिवशी ते ओढेनासं होतं. दर दोन तासांनी उठवा, चोखायला जोर नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने द्या. गुटी, मध, साखरपाणी काहीही नको. वजन दोन किलोच्या खाली उतरलं तर ते पुरे होईपर्यंत अंघोळ नको, पुसून घ्या.

पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, आणि पुढे दिवसाला २५-३० ग्रॅम. आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेतच. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने उभी केली. १९९९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निकालात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. अशा बाळाला सहाच्या वर भेटी द्या. कमी वजनाच्या बाळाला लोहाचे थेंब दोन महिन्यांपासून लागतात, सहा महिन्यांची वाट बघू नका. मात्रा डॉक्टर वजनावर ठरवतील.

इथे ओवी यांनी सांगितलेलं "बारीक पण चरबीचं" बाळ आठवा. त्याच खेड्यांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत रक्तातली साखर वाढलेली सापडली, आणि त्यांतली निम्मी मुलं तोपर्यंतही कमी वजनाचीच होती. म्हणून या बाळाला "गुटगुटीत" करण्याची घाई नको. काट्यावर वजन वाढलं पण लांबी तिथेच राहिली, तर ती चरबी आहे. दर तीन महिन्यांनी लांबी मोजा, दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून, एकीने डोकं धरून आणि दुसरीने गुडघे दाबून. एकटीने मोजलेली लांबी लिहूच नये.

सहा महिने पूर्ण झाले की त्याच आठवड्यात वरचं अन्न. चमचा तिरका केल्यावर खाली न सांडणारं घट्ट: मऊ खिचडी, कुस्करलेली भाकरी-वरण, वर चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, आणि सातव्या महिन्यापासून अंडं. वरणाचं नुसतं पाणी म्हणजे पाणीच. चहात बुडवलेलं बिस्किट पोट भरतं आणि भूक मारतं. लोहही अडवतं आणि चरबीही चढवतं, म्हणजे या बाळासाठी त्याहून वाईट काही नाही.

वासोटा

"उशिरा बोलतं" याकडे अजून कुणी आलं नाही, म्हणून लिहिते.

त्याचा काही भाग पोषणाचा आहे: लोह, बी-१२, आयोडीन. पण आईच्या लहानपणीच्या हालांची दुसरी वाट तिच्या मनातून जाते. जिला लहानपणी मार, भीती, सोडून जाणं, अकाली कामाला जुंपणं वाट्याला आलं, तिला गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर नैराश्य येण्याची शक्यता जास्त असते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२-०३ मध्ये दाखवलं की बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांत नैराश्य होतं, आणि त्यांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाने आणि वाढीने मागे होती. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचा घरच्यांचा राग ही त्यातली ठळक कारणं. नैराश्यातली आई बाळाला पाजते, धुते, निजवते, पण त्याच्याशी बोलत नाही. तिला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे.

भेटीत दोनच प्रश्न विचारा, सासूला बाहेर पाठवून: "गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश असं वाटतं का?" आणि "पूर्वी जे आवडायचं त्यात आता जीव लागतो का?" एकाचंही उत्तर चिंता वाटावी असं असेल तर दर आठवड्याला भेट आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी. जिवाचं बरं-वाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर त्याच दिवशी, एकटं न सोडता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो. गोळ्यांशिवायही उपचार आहे. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ आशाताईंसारख्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन ठरावीक पद्धतीने बोलण्याचा उपाय केला, तर सहा महिन्यांनी नैराश्य ५३ ऐवजी २३ टक्क्यांवर आलं.

बाळासाठी: जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ९ ते २४ महिन्यांच्या १२९ खुज्या मुलांवर प्रयोग झाला. आठवड्यातून एकदा, तासभर, दोन वर्षं, आरोग्यसेविका घरी जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवायची. खेळणी घरच्याच डबे-बाटल्यांची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतर खुज्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. त्या भेटीत मुलाशी सेविका नाही, आई खेळते, हे महत्त्वाचं. आपण मुलाला मांडीवर घेऊन स्वतःच खेळायला लागतो आणि आई बाजूला उभी राहून बघते, तिथेच तास फुकट जातो. डब्यात चार चिंचोके टाकून झाकण लावा, डबा आईच्या हातात द्या. ती वाजवेल, बाळ मान वळवेल, तेव्हा फक्त एवढंच म्हणा: "बघ, तुझ्याकडे बघतंय." जिच्याशी लहानपणी कुणी खेळलंच नाही तिला हे आपोआप येत नाही. पण दाखवलं की तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मिश्रीचा प्रश्न आणि बीएमआयची फसगत हे दोन मुद्दे उद्याच्याच बैठकीत मांडते.

राहिलं बैठकीतलं ते पहिलं उत्तर, ताट घरी नेऊन वाटण्याचं. घरात तीन भुकेली पोरं असताना तिला एकटीला खायला कसं सांगायचं?

ओवी

सांगू नका, ते तिच्याने होणार नाही, आणि ती बरोबरच आहे. ताट अंगणवाडीत बसूनच संपेल अशी वेळ निवडा: शेतावर जाताना किंवा पाण्याच्या खेपेनंतर, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही. बरोबरच्या लहानग्याचं नाव अंगणवाडीत असेल तर त्याला त्याच वेळी त्याच्या हक्काचं जेवण वाढा, मग आईचा घास अडत नाही. टीएचआर घरी जातो तो सगळ्यांत वाटला जाणार, हे धरूनच चाला. शेंगदाणे-गुळाचा लाडू मात्र तिच्या ओच्यात राहतो, तो ती हंडा भरताना खाते.

आणि घरी गेलात की आणखी एक बघा. या बाईला तेरा-चौदा वर्षांची नणंद किंवा धाकटी बहीण असते, शाळा सुटलेली. ती कुठल्याच नोंदवहीत नसते. लोहाची आठवड्याची निळी गोळी शाळेत वाटली जाते, म्हणून तिला मिळत नाही. तिचं नाव अंगणवाडीच्या किशोरी यादीत घाला, गोळी घरपोच द्या, जंताची गोळी वर्षातून दोनदा, हिमोग्लोबिन एकदा तरी तपासा. पुण्याच्या त्याच खेड्यांत वाढलेल्या मुलामुलींना लग्नाआधीपासून रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, तेव्हा पुढे त्या मुलींच्या बाळांची दोन वर्षांची असतानाची बौद्धिक वाढ चांगली दिसली. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे दोन ग्लास दूध आणि एक अंडं. या मुलीचं वजन आज ३१ असेल, तर चार-पाच वर्षांनी तुमच्या गरोदर रजिस्टरवर ती कोणत्या आकड्याने येणार ते आत्ता ठरतंय. तिची उंची, वजन आणि पाळी सुरू झाल्याची तारीख या भेटीतच लिहून घ्या.